प्रश्न तुमचे : फवारणी, शुक्राणू आणि तीन महिन्यांचा हिशेब

ऑक्टोबर छाटणी झाली की सांगली जिल्ह्याच्या द्राक्षपट्ट्यात पुढचे दोन-अडीच महिने पंप आणि ब्लोअर थांबत नाहीत. या वेळच्या पत्रांतून एकच काळजी वेगवेगळ्या शब्दांत आली आहे : औषध मारणाऱ्या माणसाला मूल होण्यात अडचण येते का? विषय घरातला आहे, म्हणून पत्रलेखकांची नावं आणि गावं गाळली आहेत.

प्रश्न : वय २९. आठ वर्षं दुसऱ्यांच्या बागांत औषध मारायचं काम करतो. लग्नाला चार वर्षं झाली, दिवस जात नाहीत. बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या, तिच्यात दोष निघाला नाही, तरी घरचे तिलाच बोलतात. मागच्या महिन्यात माझा रिपोर्ट काढला. वीर्य २.१ मिली, शुक्राणू मिलीला ९० लाख, पुढे सरकणारे १८ टक्के. हे औषधामुळे झालं का? यावर उपाय आहे का? (ता. तासगाव)

हा रिपोर्ट घरच्यांना दाखवा आणि तुमच्या पत्नीला बोल लावणं आजच थांबवा. मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचं कारण असतं, कधी एकटं, कधी स्त्रीकडच्या कारणासोबत. वीर्य तपासणी तर सगळ्यात सोपी आणि स्वस्त. ती पहिल्या वर्षातच व्हायला हवी होती.

आता आकडे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या निकषांत खालची मर्यादा अशी आहे : वीर्य १.४ मिली, शुक्राणू मिलीला १ कोटी ६० लाख, एका वेळचे एकूण ३ कोटी ९० लाख, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. रिपोर्टवर हे मिलियनमध्ये छापतात. एक मिलियन म्हणजे दहा लाख. तुमचे एकूण शुक्राणू १ कोटी ८९ लाख होतात, म्हणजे मर्यादेच्या निम्म्याच्या आसपास, आणि चालही कमी आहे. तरी मूल होणारच नाही, असा याचा अर्थ नाही. ज्या पुरुषांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, त्यांच्यातल्या सगळ्यात खालच्या ५ टक्क्यांच्या रेषेवर हे निकष बेतलेले आहेत. रेषेखाली शक्यता घटते, संपत नाही.

औषधामुळेच झालं का, हे एका माणसाच्या रिपोर्टवरून कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण संशय घ्यायला जागा आहे, आणि ती जुनी आहे. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लॅथ्रॉपच्या एका कारखान्यात कामगारांच्याच लक्षात आलं की त्यांच्या विभागात कोणाला मुलं होत नाहीत. तिथे डीबीसीपी नावाचं सूत्रकृमीनाशक तयार होत होतं. तपासणीत जास्त वर्षं काम केलेल्यांच्या वीर्यात शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. त्यांना दुसरा कसलाही त्रास नव्हता, संबंधात अडचण नव्हती, चक्कर नाही, उलटी नाही. ही गोष्ट प्रत्येक फवारणी करणाऱ्याने ध्यानात ठेवावी. विषबाधा न होताही शुक्राणू घटू शकतात. डीबीसीपी आज भारतात बंदीच्या यादीत आहे. पण २०२३ मध्ये सुमारे ५० वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांतल्या कीटकनाशकांशी जास्त संपर्क असलेल्या पुरुषांत शुक्राणूंचं प्रमाण कमी आढळलं. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, प्रोफेनोफॉस ही पहिल्या गटातली आपल्या ओळखीची नावं.

मात्र सगळं औषधावर ढकलून बाकीची तपासणी सोडू नका. युरोलॉजिस्टकडून उभं राहून तपासून घ्या. अंडकोषाच्या शिरा फुगल्या असतील (व्हेरिकोसील) तर त्या आडवं झाल्यावर दिसत नाहीत. मूल न होणाऱ्या पुरुषांत दर तिघांत एकाला तरी हा दोष सापडतो आणि त्यावर शस्त्रक्रिया आहे. वयात आल्यावर गालगुंड होऊन अंडकोष सुजले होते का, लहानपणी अंडकोष खाली उतरला नव्हता का, हर्नियाचं ऑपरेशन झालंय का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. गेल्या तीन महिन्यांत डेंग्यू, टायफॉइड असा जोराचा ताप येऊन गेला असेल तर तेवढ्यानेही रिपोर्ट खाली येतो. तंबाखू आणि दारू यांचाही वाटा असतो.

एका रिपोर्टवर कोणताही निर्णय घेऊ नका. दुसरा काढा, आणि नीट काढा. आधी किमान २ आणि जास्तीत जास्त ७ दिवस संबंध किंवा वीर्यपात नको. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्या. घरून न्यायचा असेल तर डबी शर्टच्या आत अंगाला लावून न्या आणि तासाच्या आत पोचवा. तासगावहून एसटीने सांगलीला निघालात तर हा तास वाटेतच जातो. साध्या निरोधमध्ये नमुना घेऊ नका, त्यातला चिकट पदार्थ शुक्राणू मारतो. पहिले थेंब डबीबाहेर सांडले तर तसं स्पष्ट सांगा, कारण सगळ्यात जास्त शुक्राणू त्यातच असतात.

उपायाचा कणा तीन महिन्यांचा आहे. अंडकोषात एक शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, अंडकोषावरच्या नळीत पक्का होऊन बाहेर यायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे आज दिलेल्या नमुन्यातले शुक्राणू तीन महिन्यांपूर्वी घडायला लागलेले असतात. डिसेंबरअखेरचा रिपोर्ट वाईट असेल तर तो ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांचा हिशेब असू शकतो. म्हणून सलग तीन महिने औषध बनवणं आणि मारणं पूर्ण बंद ठेवा आणि मग रिपोर्ट काढा. मुकादमाशी किंवा बागायतदाराशी बोलून पाण्याचं, ड्रिपचं, वाहतुकीचं काम मागून घ्या. पेस्टिंग मात्र घेऊ नका. काड्यांच्या डोळ्यांना लावायचं हायड्रोजन सायनामाइड कातडी भाजतं, अंगात शिरतं, आणि त्या दिवसांत दारू पोटात गेली तर जीव घाबरा होऊन माणूस दवाखान्यात जातो. ओल्या मांडवाखालची विरळणीही (घडातले मणी कमी करणं) नको. पानांवर वाळलेलं औषधसुद्धा घामाच्या हाताला लागतं.

आठ वर्षांचा संपर्क तीन महिन्यांत पुरता धुऊन निघेलच असं नाही, पण ज्यांच्या वीर्यात थोडे तरी शुक्राणू आहेत त्यांच्यात सुधारणेची आशा बरी असते. तीन महिन्यांनीही आकडा हलला नाही तर एफएसएच (मेंदूकडून अंडकोषाला निरोप देणारं संप्रेरक) आणि सकाळच्या वेळचं टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक) या रक्ताच्या तपासण्या करा. पत्नीचं वय ३५ च्या पुढे असेल तर वाट पाहत बसू नका, दोघांचे उपचार बरोबरच चालू द्या.

प्रश्न : माझी पाच एकर द्राक्षबाग आहे. फवारणीला दोन गडी कायमचे. आम्ही लाल त्रिकोणाची औषधं बंद केली, आता निळी आणि हिरवीच वापरतो. म्हणजे गड्यांना या बाबतीत धोका नाही ना? (ता. कवठेमहांकाळ)

लाल बंद केलं हे फार चांगलं केलंत. पण त्रिकोण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. औषध एकदम पोटात गेलं तर किती लवकर मारेल, एवढंच त्या रंगावरून कळतं. लाल म्हणजे उंदराच्या दर किलो वजनाला ५० मिलिग्रॅमपर्यंतच्या मात्रेत निम्मे उंदीर मरतात, पिवळा ५०० पर्यंत, निळा ५००० पर्यंत, हिरवा त्याच्याही वर. रोज थोडं थोडं अंगात गेल्यावर शुक्राणूंचं काय होईल, हे या रंगात कुठेच नाही.

कार्बेन्डाझिम घ्या. एकदम जीव घेण्याच्या बाबतीत ते अगदी सौम्य. पण पेशी दुभंगताना जे सूक्ष्म धागे लागतात ते हे औषध तोडतं (बुरशीवर त्याचा परिणाम होतो तो त्यामुळेच), आणि प्रयोगातल्या उंदरांमध्ये अंडकोषातली शुक्राणू घडवणारी पेशीरचना त्याने मोडलेली दिसली आहे. युरोपीय संघात ते प्रजननाला घातक या वर्गात आहे. केवड्यासाठी (द्राक्षावरचा बुरशीरोग) आपण सर्रास मारतो ते मॅन्कोझेब घ्या. युरोपीय संघाने डिसेंबर २०२० मध्ये त्याची मान्यता पुढे चालू ठेवायला नकार दिला. गर्भावरचा परिणाम आणि शरीरातल्या संप्रेरकांत होणारी ढवळाढवळ ही त्यामागची कारणं होती. आपल्याकडे ही दोन्ही औषधं दुकानात मिळतात. ती उद्यापासून टाकून द्या असं आम्ही सांगत नाही, केवडा आल्यावर बाग वाचवावी लागते हे कळतं. पण निळं-हिरवं आहे म्हणून गड्याने उघड्या हाताने कालवलं तरी चालतं, हा समज आजच सोडा.

शेडमध्ये जुना साठा असेल तर तो तपासा. डायक्लोरव्हॉस आणि फोरेट ३१ डिसेंबर २०२० पासून बंद आहेत. २०२३ मध्ये मेथोमिल, डायकोफॉल आणि भुरीवर वर्षानुवर्षं मारलेलं डिनोकॅप यांच्यावरही बंदी आली. उरलेल्या बाटल्या 'संपवून टाकू' म्हणून गड्याच्या हातात देऊ नका.

संरक्षक कपडे पुरवणं ही तुमची जबाबदारी आहे. कीटकनाशक कायदा १९६८ आणि १९७१ च्या नियमांचं तेच सांगणं आहे. खरेदी करताना दुकानदार 'किट' म्हणून पातळ प्लॅस्टिकचा संच पुढे करतो, तो पहिल्याच दिवशी फाटतो. त्यापेक्षा वस्तू सुट्या घ्या. नायट्राइलचे जाड हातमोजे, अर्ध्या हातापर्यंत येणारे, प्रत्येक गड्याला दोन जोड. दवाखान्यातले पातळ मोजे नकोत आणि कापडी तर मुळीच नकोत. कापड औषध शोषून दिवसभर कातडीला लावून ठेवतं, त्यापेक्षा उघडा हात परवडला, तो निदान धुता येतो. गमबूट, आणि पँटचा पाय बुटाच्या बाहेर, नाहीतर बूट भरतो. मांडवाखाली हात वर करून मारायचं असेल तर मोज्याचं तोंड बाहीच्या बाहेर ठेवून वर घडी घाला, म्हणजे ओघळ कोपराकडे शर्टात जाणार नाही. डोक्याला रुंद काठाची न भिजणारी टोपी. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज आणि धूलिकणांचा फिल्टर असलेला अर्धमुखी मास्क घ्या, आणि आतून वास यायला लागला की कार्ट्रिज बदला.

सगळ्यात जास्त काळजी घ्यायची ती ब्लोअर चालवताना नव्हे, २०० लिटरच्या बॅरलमध्ये औषध कालवताना. तिथे औषध निखळ असतं, हातावर पडलेले दोन चमचे म्हणजे पाण्यात मिसळलेल्या कित्येक लिटरइतके. आधी बॅरल निम्मं भरा, मग औषध, मग उरलेलं पाणी. पावडर असेल तर बादलीत काठीने पातळ करून मगच ओता. वारा पाठीवर घ्या. माप कमरेच्या उंचीवर धरा, डोळ्यांसमोर नको. सील दाताने तोडू देऊ नका. बाटली रिकामी झाली की पाव भरून पाणी घालून अर्धा मिनिट हलवा आणि ते पाणी बॅरलमध्येच ओता, असं तीनदा. मग बाटलीला भोक पाडा, नाहीतर तीच उद्या घरात तेलाला वापरली जाते.

ट्रॅक्टरवर केबिन नसेल तर ओळीच्या शेवटी वळताना ब्लोअरचा कॉक बंद करायची सवय लावा. वळणावर मागचा ढग थेट चालकाच्या अंगावर येतो.

प्रश्न : आल्याच्या रानात आळवणी आणि फवारणी दोन्ही मीच करतो. १६ लिटरचा पाठीवरचा पंप आहे. संध्याकाळी पाठ आणि चड्डीसुद्धा ओली असते. जांघेत खाज सुटते. लग्न पुढच्या मे महिन्यात आहे. पंप बदलू का? (ता. कोरेगाव)

पंप उद्याच दुरुस्त करा, कारण औषध नेमकं नको त्या ठिकाणी जातंय. कातडी सगळीकडे सारखी शोषत नाही. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या मोजमापात हाताच्या पुढच्या भागातून जेवढं औषध अंगात गेलं, त्याच्या चौपट कपाळातून, सातपट काखेतून आणि जवळजवळ १२ पट अंडकोषाच्या कातडीतून गेलं. पाठीवरून ओघळणारं पाणी कमरेच्या इलॅस्टिकपाशी साचतं आणि चड्डीत मुरतं. ती ओली चड्डी तुम्ही चार-पाच तास घालून असता. जांघेतली खाज हीच खूण आहे.

पंपात साधं पाणी भरा, दाब द्या, पाठीला जुनं वर्तमानपत्र लावून दहा मिनिटं पुढे वाकून चाला. कागद कुठे ओला झाला ते बघा. वरच्या भागात झाला तर झाकणाचं वायसर कडक झालंय किंवा झाकणातला हवेचा व्हॉल्व्ह अडकलाय. वायसर काही रुपयांत मिळतं, हंगामाला एक नवीन बसवा. तळाशी ओला झाला तर नळी जिथे टाकीला जोडली आहे तिथली क्लिप सैल आहे. तिथे तार गुंडाळू नका, स्क्रूची क्लिप लावा. हात ओला होत असेल तर गनच्या खटक्यातली रिंग गेली आहे. टाकी काठोकाठ भरू नका, दोन बोटं रिकामी ठेवा, वाकलं की झाकणातूनच सांडतं.

एवढं करूनही पाठीला मागून बांधायचा प्लॅस्टिकचा एप्रन हवा. आल्याची पानं मांडीपर्यंत येतात आणि तुम्ही ओल्या पानांतून पुढे चालता, म्हणून पुढूनही गुडघ्याखालपर्यंत एप्रन लागेल. नाहीतर पावसाळी पँट घाला आणि काम सकाळी दहाच्या आत आटपा, उन्हात ती सहन होत नाही. शक्य तिथे मारत मारत मागे सरका, म्हणजे ओल्या पिकातून चालावं लागणार नाही. हुमणीसाठी (मुळं खाणारी अळी) क्लोरपायरिफॉसची आळवणी करताना, म्हणजे झाडाच्या मुळाशी औषध ओतताना, नोझल काढून टाकलेलं असतं आणि धार पायावर उडते. गमबूट तिथे सोडू नका.

आणखी दोन सवयी. लघवीला जाण्याआधी साबणाने हात धुवा. आपण नंतर धुतो, इथे आधी धुणं महत्त्वाचं. आणि त्याच हातावर तंबाखू मळू नका, तळहाताचं औषध सरळ तोंडात जातं. नोझल तुंबलं तर तोंडाने फुंकू नका, खिशात एक जादा नोझल आणि जुना टूथब्रश ठेवा.

मे मधल्या लग्नासाठी आजपासून सुरुवात केलीत तर हाताशी वेळ आहे. मार्चमध्ये एकदा वीर्य तपासून घेतलंत तर मनावरचं ओझं जाईल. जांघेतली खाज आठवडाभरात थांबली नाही तर कातडीच्या डॉक्टरांना दाखवा, नायटाही असू शकतो.

प्रश्न : नवरा औषध मारून येतो, कपडे मी धुते. आम्ही बाळाचा विचार करतोय. मला धोका आहे का? (ता. पलूस)

आहे, पण टाळता येतो. त्यांनी रानातच हातमोजे घातलेल्या हातांनी आधी मोजे धुवावेत, मग काढावेत. कपडे गोठ्याजवळ किंवा न्हाणीच्या बाहेर उतरवून वेगळ्या पिशवीत टाकावेत, घरात येऊन खाटेवर बसू नये, लगेच साबणाने अंघोळ करावी. केस, नखं आणि जांघा नीट. तुम्ही ते कपडे हातात न घेता पिशवीतूनच टबमध्ये ओता. रबरी मोजे घालून गरम पाण्यात, घरच्या कपड्यांपासून वेगळे, दोनदा धुवा आणि कडक उन्हात वाळवा. निखळ औषध सांडलेला शर्ट धुऊन निघत नाही, तो टाकून द्या. तुम्ही स्वतः विरळणीला किंवा डिपिंगला (घड औषधाच्या पाण्यात बुडवायला) जात असाल तर औषध मारल्यावर निदान २४ तास त्या बागेत जाऊ नका. लेबलवर जास्त वेळ दिला असेल तर तो पाळा. डिपिंगचं जीए (जिबरेलिक आम्ल) हे वनस्पतीचं संप्रेरक आहे, त्याने नवऱ्याचे शुक्राणू गेले असं मानू नका. पण त्याच बादलीत बुरशीनाशक घातलेलं असतं का, हे विचारा.

प्रश्न : रक्त तपासून अंगात किती औषध गेलंय ते कळतं का? आणि जिममधला एकजण ताकदीचं इंजेक्शन घे म्हणतो, त्याने शुक्राणू वाढतात का? (ता. मिरज)

रक्तातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या विकराची तपासणी आहे. ती फक्त ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेटचा परिणाम दाखवते. मॅन्कोझेब, इमिडाक्लोप्रिड, लॅम्डा सायहॅलोथ्रिन यांचं ती काही सांगत नाही, आणि शुक्राणूंचं तर मुळीच नाही. एकच आकडा काढून उपयोग नाही. हंगामाआधी, महिनाभर औषधाचा संपर्क नसताना एकदा करा, हंगामात पुन्हा, आणि दोन्ही वेळा एकाच लॅबमध्ये. पहिल्या आकड्यापेक्षा २० टक्के घट दिसली तर कुठून गळतंय ते शोधा. लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज ३० टक्क्यांनी उतरलं तर फवारणी बंद करून डॉक्टर गाठा. फवारताना तोंडाला लाळ, खूप घाम, डोळ्यांपुढे धूसर, छाती भरल्यासारखी झाली तर तपासणीच्या नादी लागू नका. कपडे काढून अंग धुवा, १०८ ला फोन करा, औषधाची बाटली बरोबर न्या, उलटी करवू नका.

इंजेक्शन घेऊ नका. ते टेस्टोस्टेरॉनचं असतं. बाहेरून ते मिळालं की मेंदू अंडकोषाला काम करायचा निरोपच देत नाही आणि शुक्राणू शून्यावरही येऊ शकतात. आधीच घेतलं असेल तर आजच थांबवा आणि युरोलॉजिस्टला किती डोस घेतले ते खरं सांगा. पूर्ववत व्हायला बहुतेकांना सहा महिने ते वर्ष लागतं, काहींना त्याहून जास्त.